आमी नाय

सुरुवातीलाच माफी मागतो. आमच्या ख्रिस्ती मंडळीत विश्वासाविषयी लिहायचं ते पाळकांनी, फार तर एखाद्या निवृत्त गुरुजींनी. त्यांचं आयुष्य त्यात गेलेलं असतं. मी अजून शिकतो आहे, आणि जे शिकतो आहे त्याचा देवाशी काही संबंध नाही. वाणिज्य शाखा आहे माझी. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. त्यामुळे घरच्यांना वाटतं, याला सगळंच लिहिता येत असणार. मला तसं वाटत नाही. ज्याला प्रार्थनेचा शेवटचा एक शब्द धड म्हणता येत नाही, त्यानं प्रार्थनेवर लिहायला बसावं याचा मला संकोच वाटतो. पण तो शब्द मला का म्हणता येत नाही, एवढंच सांगायचं आहे. त्यापलीकडे जाऊन मी उपदेश करायला लागलो, तर वाचणाऱ्यानं खुशाल पान उलटावं.

माझे वडील कालव्यावर पाटकरी. ज्या दिवशी ज्या गावाची पाण्याची पाळी असेल त्या दिवशी त्या गावाकडे जाणाऱ्या चारीचं दार उघडायचं, पाळी संपली की बंद करायचं, आणि मधल्या वेळात कुणी चोरून दार वर उचलत नाही ना ते बघत कालव्याच्या कडेनं सायकल फिरवायची, हे त्यांचं काम. महाळुंगे पडवळच्या अलीकडे कालव्याला लागून पाटबंधारे खात्याच्या दोन खोल्या होत्या, त्यांत आम्ही राहायचो: आई, वडील, मी आणि धाकटी बहीण. आम्ही मूळचे नगरकडचे, आजोबांपासून ख्रिस्ती. या बाजूला आमचं एकच घर होतं. उपासनेला जायचं तर जुन्नरला, नारायणगावला गाडी बदलून. ते महिन्यातून एखाद्या रविवारी जमायचं. बाकीच्या दिवशी आमची मंडळी म्हणजे आम्ही चौघंच.

संध्याकाळी दिवे लागले की वडील प्रार्थना करायचे. त्यांचं शिक्षण चौथीपर्यंत. देवाशी ते रोज जसं बोलायचे तसंच बोलायचे, फक्त आवाज मोठा. तो मोठा आवाज भक्तीचा नव्हता, सवयीचा होता. दारातून पडणाऱ्या पाण्याशेजारी दिवसभर ओरडून बोलावं लागायचं, त्यामुळे घरातसुद्धा त्यांना हळू बोलता येत नसे. आईला मीठ मागायचे तेही पलीकडच्या वावरात ऐकू जायचं. प्रार्थना संपली की आम्ही चौघं मिळून आमेन म्हणायचो. पाण्याच्या आवाजात आणि वडिलांच्या तोंडी तो शब्द काही नीट उरत नसे. बाहेर ऐकणाऱ्याला तो 'आमीन्ना' असा काहीतरी ऐकू जात असणार.

बाहेर ऐकणारं घर एकच होतं. आमच्या खोल्यांमागे बांधाला लागून एका शेतकऱ्याचं घर होतं. त्या घरच्या बाईंना मी मावशी म्हणायचो. होळीला त्यांच्याकडून पुरणपोळी यायची, नाताळात आईच्या शंकरपाळ्या त्यांच्याकडे जायच्या. एरवी दोन्ही घरांचं मिळून एकच विरजण होतं. ज्यांचं बिघडेल त्यांनी दुसऱ्यांकडून आणायचं. मावशींचा थोरला मुलगा शाळेत माझ्या दोन वर्ग पुढे होता. त्याला मी दादा म्हणायचो. त्यानंच मला कालव्यात पोहायला शिकवलं. शिकवलं म्हणजे ढकललं, आणि मी दोनदा पाणी प्यायल्यावर मानगूट धरून वर काढलं.

एका संध्याकाळी दादा आणि गावातली तीन-चार पोरं आमच्या मागच्या बांधावर पेरू खात बसली होती. आमची प्रार्थना संपली, आम्ही तो शब्द म्हटला, आणि बाहेरून दादाचा आवाज आला.

"ऐकलं का? रोज द्येव यांना इचारतो, पेरू कुणी चोरलं? आन् ही चौघं एका दमात सांगत्यात, आमी नाय!"

पोरं हसून हसून बांधावरून खाली घसरली. आत वडीलही हसले. त्यांना ते मनापासून आवडलं. दाराबाहेर जाऊन ते दादाला म्हणाले, "आरं, चोरलेलं पेरू तर तुझ्या हातात हायेत. तूच म्हण की जरा." त्यावर पुन्हा हसणं झालं. आईनं उरलेल्या भाकरीवर झाकण ठेवलं. कुणाच्या मनात काही राहिलं नाही. माझ्याच तेवढं राहिलं.

दुसऱ्या दिवशी शाळेत ते पोहोचलेलं होतं. वर्गातली काच फुटली आणि गुरुजींनी कोणी फोडली म्हणून विचारलं, तर मागून आवाज आला, "गुरुजी, ह्याला इचारा, ह्यो रोज सांगतो." सगळा वर्ग एका सुरात म्हणाला, "आमी नाय!" गुरुजींना संदर्भ माहीत नव्हता, तरी तेही हसले. पुढं पुढं माझं नावच ते पडलं. खो-खोत मला बोलवायचं तर "ए आमीनाय, ऊठ." माझं खरं नाव हजेरीपुरतं उरलं.

हे छळ म्हणून मी सांगत नाही. गावात कुणाला टोपणनाव नव्हतं असं नाही, आणि कुणाकुणाची माझ्यापेक्षा वाईट होती. आमचा धर्म वेगळा म्हणून मला कुणी कधी पंगतीत दूर बसवलं नाही. आठवडे बाजाराला घोडेगावात गेलो असताना एकदा दुसऱ्या गावच्या पोरांनी मला तेच म्हणून चिडवलं, तर दादानं त्यातल्या एकाची कॉलर धरली. "त्याला मी बोलनार," तो म्हणाला, "तू कोण रं?" म्हणजे ते नाव त्याच्या मालकीचं होतं आणि मीही. तेव्हा मला त्यात बरं वाटलं होतं, हे आठवतं.

पण संध्याकाळी प्रार्थना संपत आली की माझे कान बांधाकडे लागायचे. आता तो शब्द येणार. आता बाहेर कुणी असेल. मी तोंड नुसतं हलवायला लागलो. चारांतला एक आवाज कमी झाला तर कळू नये म्हणून बहिणीला कोपरानं डिवचायचो, मग ती दुप्पट ओरडायची. आईच्या लक्षात आलं नसेल असं नाही. पुढे हलवणंही थांबलं. मी डोळे मिटून, हात जोडून बसायचो आणि शेवटाला घसा खाकरायचो. प्रभूचं नाव घेताना माझी जीभ कधी अडखळली नाही, त्याच्यामागच्या त्या छोट्याशा शब्दाला मात्र अडखळली. लाज वाटायला मोठं कारण लागत नाही, हे मला फार लवकर कळलं.

बारावीनंतर मी जुन्नरला आलो. मंडळीच्या आवारात एक खोली रिकामी होती. चर्च झाडायचं, बाकं पुसायची, रविवारी सकाळी दारं उघडायची, या बोलीवर ती मला मिळाली. मला वाटलं, आता मला देव सापडेल. मी गांभीर्यानं शोधायलाच लागलो होतो. कॉलेजला जाण्याआधी रिकाम्या चर्चमध्ये केरसुणी भिंतीला टेकवून मी पुढच्या बाकावर बसायचो. तिथं मला ऐकणारं कुणी नव्हतं. बांध नव्हता, पोरं नव्हती. मी हळू आवाजात सगळं सांगायचो: परीक्षा, वडिलांचा गुडघा, मेसचं जेवण, मला वाटणारी भीती. आणि शेवटाला आलो की थांबायचो. एकदा ठरवून म्हणायला गेलो. छत उंच होतं, 'आ' एवढाच निघाला आणि तो असा घुमला की मी केरसुणी उचलून झाडायला लागलो.

दृढीकरणाच्या, म्हणजे मोठेपणी आपला विश्वास मंडळीपुढं कबूल करण्याआधीच्या, वर्गात पाळकांनी त्या शब्दाचा अर्थ सांगितला. ते म्हणाले, हा शेवट नव्हे, ही सही आहे. जे मागितलं ते खरोखर तसंच होवो, आणि मी त्याच्या मागे उभा आहे, असा त्याचा अर्थ. बाकीच्यांनी माना डोलावल्या. मला मात्र त्या दिवसापासून दुसरीच लाज लागली. पहिली लाज लोकांची होती, ती वयाबरोबर गेली असती. ही देवाची होती. मी जे मागतो ते होईल असं मला खरोखर वाटत होतं का? वडिलांचा गुडघा बरा कर म्हणताना मी मनात, डॉक्टर काय म्हणाले तेच आठवत असायचो. मग सही कशाच्या जोरावर करायची? चिडवणारी पोरं तरी बरी होती. त्यांच्यामुळे म्हणत नाही, असं सांगता येत होतं.

हे मी फक्त एकाला सांगितलं. कॉलेजात माझ्या वर्गात जुन्नरचाच एक मुलगा होता, मुसलमान, त्याच्या वडिलांचं बाजारपेठेत बांगड्यांचं दुकान. दुपारी त्याच्या डब्यात माझी चपाती आणि माझ्या भाजीत त्याचा हात असायचा. मी त्याला सगळी कथा सांगितली, आमी नायसकट. तो ठसका लागेपर्यंत हसला, मग पाणी प्यायला आणि गंभीर झाला.

"आमच्यात बी आमीन हाय," तो म्हणाला. "आन् त्याच्यावरनं दोन पार्ट्या हायेत. एक म्हनते मोठ्यानं म्हनायचं, दुसरी म्हनते मनात. भांडनं झालीत राव त्याच्यावरनं. तू कंच्या पार्टीतला?"

मी म्हटलं, माझी तिसरी. न म्हणणारी.

"मग तुझं अवघड हाय," तो म्हणाला आणि माझ्या भाजीतला बटाटा उचलला.

मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला असताना दादा घरातून गेला. त्याला शेतीत लक्ष नव्हतं. त्याला गाडी चालवायची होती. नारायणगावच्या बाजारात टोमॅटोचे ट्रक भरतात, तिथं तो आधी क्लीनर म्हणून जाऊ लागला, मग स्टेअरिंगवर हात बसला. त्याच्या वडिलांना ते खपत नव्हतं. टोमॅटो आपण लावायचे आणि पोरानं दुसऱ्याचे वाहायचे, हे त्यांना कमीपणाचं वाटायचं. घोडेगावात, तहसील कचेरीपुढं, चार ओळखीच्या माणसांत त्यांनी त्याच्या थोबाडीत मारली. त्याच आठवड्यात इंदूरला जाणाऱ्या एका ट्रकवर तो बसला. ट्रक परत आला, तो आला नाही. इंदूरच्या मंडईत उतरला आणि चहा पिऊन येतो म्हणाला, एवढंच दुसऱ्या ड्रायव्हरला सांगता आलं.

त्याचे वडील इंदूरला जाऊन आले. पोलिसांत कळवून झालं. मग मावशींनी देवांची दारं धरली. त्यांनी एकही दार सोडलं नाही. कुलदैवताला नवस बोलल्या, एका जाणत्या देवऋषीकडे जाऊन आल्या, जुन्नरच्या दर्ग्यात चादर चढवली. दर्ग्याच्या वेळी त्या माझ्या खोलीवर आल्या होत्या, पाणी पिऊन गेल्या. मला प्रार्थना कर म्हणाल्या नाहीत. मला सुटल्यासारखं वाटलं. मला वाटलं, आमचं दार त्यांच्या लक्षात नाही.

ते लक्षात होतं. फक्त शेवटी ठेवलं होतं. दिवाळीच्या सुट्टीत मी घरी गेलो तेव्हा मावशी आमच्या दारात आल्या आणि आईला म्हणाल्या, तुमच्या द्येवाला बी एकदा सांगून बघा. वडील कालव्यावर होते, त्या दिवशी शेवटच्या गावाची पाळी होती आणि ते अंधार पडल्याशिवाय येणार नव्हते. आई म्हणाली, पोरगा आलाय ना, तो करील, तो शिकलेला आहे. मी म्हटलं, बाबा आल्यावर करू. आईनं माझ्याकडं बघितलं. त्या बघण्यापुढं मी उठलो.

मावशींना ते त्यांच्या अंगणात हवं होतं. मुलगा जिथून गेला तिथं. मी गेलो तर अंगण सारवलेलं होतं. मावशी डोक्यावर पदर घेऊन उभ्या होत्या. त्यांचे मालक गोठ्याच्या खांबाजवळ उभे होते, टोपी काढून हातात धरली होती. ते आमच्या देवाला आले होते की नुसते उभे होते, ते मला कळलं नाही. भावकीतल्या दोन बाया होत्या. आणि भिंतीवर पाय सोडून पोरं बसली होती. पूर्वी दादाबरोबर बांधावर बसायची त्यांतलीच दोघं, आता मिसरूड फुटलेली.

मी प्रार्थना सुरू केली. चांगली केली, हे सांगायला आज मला सगळ्यात जास्त लाज वाटते. पाळकांच्या तोंडचे शब्द मला येत होते, ते मी सगळे वापरले. कृपा, करुणा, हरवलेलं लेकरू. वाक्यं लांब लांब होत गेली. मावशींचे ओठ माझ्या शब्दांमागून हलताना मला मिटल्या डोळ्यांच्या फटीतून दिसत होते. मी म्हटलं, तो जिथं असेल तिथून त्याला घरी आण. येशूच्या नावानं मागतो, म्हटलं. आणि तिथं, शेवटच्या शब्दाच्या उंबऱ्यावर, मी डोळे उघडले. भिंतीवरचा एकजण दुसऱ्याकडे बघत होता. त्याच्या तोंडावर हसू नव्हतं. असलंच तर यायचं होतं. तेवढं मला पुरलं.

मी तोंड मिटलं.

मावशी हात जोडून तशाच उभ्या. त्या वाट बघत होत्या. इतकी वर्षं बांधापलीकडून रोज ऐकलेलं, त्यांना शेवट ठाऊक होता.

"झालं?" त्यांनी डोळे न उघडता विचारलं.

मी हो म्हटलं.

"आन् त्ये तुमचं शेवटचं? त्ये ऱ्हायलं न्हवं?"

"मनात म्हटलं, मावशी," मी म्हणालो.

त्यांनी डोळे उघडले. माझ्याकडे बघितलं. "मनात म्हणलं असशील तर ठीक हाय," त्या म्हणाल्या. त्यांच्या मालकांनी टोपी झटकली आणि डोक्यावर ठेवली. मला गुळाचा चहा दिला. पोरांतल्या एकानं मला फाटकापर्यंत सोडलं आणि विचारलं, "दादा येईल का रं?" तो हसणार नव्हताच. मी ज्याच्या हसण्याला भ्यालो होतो तो आमच्यात नव्हता, त्याच्याचसाठी तर हे चाललं होतं. हे मला घरी पोचेपर्यंत उमगलं नाही.

वडिलांना आईनं सांगितलं असावं. रात्रीच्या जेवणाला ते नेहमीसारखे मोठ्यानं बोलले, पण त्या दिवशीची प्रार्थना त्यांनी आईला करायला सांगितली. शेवटाला चौघांचा शब्द याही वेळी तिघांचाच झाला. वडील माझ्याकडे वळून एवढंच म्हणाले, "पान्याचं दार अर्धं उचललं तर चारीत पानी जातं. पर शेवटच्या वावराला पोचत न्हाई." मला वाटलं ते कालव्याचं बोलतायत. कदाचित कालव्याचंच बोलत असतील.

त्यानंतर मी घरी कमी जाऊ लागलो. जायचो तेव्हा मावशींच्या घरावरून जाणारा रस्ता सोडून आधीच्या फाट्यावर उतरायचो आणि कालव्याच्या भरावावरून चालत यायचो. तरी त्या दिसायच्या. वावरात खुरपत असल्या की मान वर करायच्या. त्यांनी एकदाही विचारलं नाही. विचारलं असतं तर मी काहीतरी सांगितलं असतं. त्या फक्त बघायच्या आणि परत खाली वाकायच्या. आईकडून कळायचं की त्या संध्याकाळी आमच्या प्रार्थनेच्या वेळी आता बांधावर येऊन उभ्या राहतात. आत या म्हटलं तर येत नाहीत. आमेन झालं की पदर सावरून जातात.

या काळात माझा देवाचा शोध काय झाला, असं कुणी विचारलं तर मला खरं सांगायला हवं. मी पुष्कळ वाचलं. पाळकांना मोठमोठे प्रश्न विचारले. दुःख का असतं, देव गप्प का असतो. ते प्रश्न खोटे नव्हते, पण ते विचारताना मला बरं वाटायचं, म्हणून मला त्यांचा संशय येतो. देव गप्प आहे असं म्हणणारा मी, स्वतः एका अंगणात गप्प राहिलो होतो. चर्चची बाकं पुसताना कधी कधी वाटायचं की कुणीतरी मागच्या बाकावर बसून वाट बघतं आहे, रागानं नाही, मावशींसारखं, हात जोडून, शेवट ठाऊक असल्यासारखं. मी मागे वळून बघत नसे. ह्याला विश्वास म्हणायचं की भीती, मला ठरवता येत नाही. बांगड्यांच्या दुकानवाल्या मित्राला मी अंगणातली गोष्टही शेवटी सांगितली. या वेळी तो हसला नाही. "मनात म्हनलो म्हनालास?" त्यानं विचारलं. "म्हंजे तू आमच्या एका पार्टीचं नाव खराब केलं." मग थोड्या वेळानं म्हणाला, "जाऊन म्हनून टाक की राव. काय लागतं त्याला?"

काय लागतं, तेच मला माहीत नव्हतं. मला वाटायचं, आधी विश्वास पक्का व्हायला हवा, मग शब्द. मी तसा दिवस यायची वाट बघत होतो. तो आला नाही. त्याच्याऐवजी फोन आला.

चर्चच्या समोर एक किराणा दुकान आहे. त्यांच्याकडे माझे फोन यायचे आणि दुकानदार रस्त्यावरूनच हाक मारायचे. शेवटच्या वर्षाची परीक्षा तोंडावर आली होती. मी हिशोबाचं पुस्तक उघडं टाकून धावलो. घरून फोन म्हणजे वडिलांचं काहीतरी, असंच मनात आलं.

आई होती. गावातल्या फोनच्या डब्यावरून, एक रुपयाचं नाणं टाकून बोलत होती, म्हणून घाईत होती. "दादाचा पत्ता लागला," ती म्हणाली. वारूळवाडीचा एक ड्रायव्हर टोमॅटो घेऊन सुरतेला गेला होता. तिथल्या भाजी बाजारात त्याला दादा भेटला. धडधाकट आहे. तिथंच टेम्पो चालवतो. लग्न केलंय, तिकडचीच मुलगी आहे. घरी चल म्हटल्यावर मात्र नाही म्हणाला. बरा आहे म्हणून सांगा, एवढाच निरोप दिला.

आणि इथं मला एक गोष्ट लिहायलाच हवी, नाहीतर आधीचं सगळं लिहिणं वाया जाईल. मला पहिल्यांदा आनंद झाला नाही. मला पहिल्यांदा वाटलं, सुटलो. आता माझ्याकडे कुणी बघणार नाही. तो जिवंत आहे हे त्याच्यानंतर मनात आलं. पण ते आलं तेव्हा मात्र मी आईला ते परत सांगायला लावलं.

तिकडं मागे गलका होता. आई म्हणाली, थांब, मावशी मागतायत. मग फोनमध्ये मावशींचा आवाज आला, सुरतेलाच ऐकू जावा इतका मोठा.

"ऐकलंस का लेकरा? जित्ता हाय माझा."

"ऐकलं, मावशी."

"इंदूरला हरवल्याला सुरतपत्तुर आलाय. म्हंजी निम्म्या वाटंवर आलाय. निम्म्यावर का थांबला ते मला ठावं हाय. तुझं शेवटचं ऱ्हायलं व्हतं."

मी काहीतरी बोलायला लागलो. मनात, असा शब्द तोंडात आला असावा, कारण त्यांनी तो पुरा होऊ दिला नाही.

"मनात बिनात काय न्हाई. तवाच कळलं व्हतं मला. त्यो चिडवायचा म्हनून न्हाई म्हणलास. व्हय का न्हाई?"

दुकानदार माप थांबवून माझ्याकडे बघत होते. मी हो म्हणालो.

"मग आता यं आन् तेवढं माझ्या अंगनात म्हनून जा. मोठ्यानं म्हन, तुझ्या बापासारखं." नाणं संपत आल्याची पिप्‌ पिप्‌ सुरू झाली होती, आणि त्या तिच्यावरून ओरडून सांगत होत्या. "आला आन् परत चिडवाय लागला तुला, तर बरंच की रं."